पेलाभर पाणी : ख्रिस्ती श्रद्धेतील लहान दयाकृत्यांचा एक महाराष्ट्रीय इतिहास

कुर्ल्याचे होली क्रॉस चर्च हे मुंबईतील जुन्या चर्चपैकी एक. पोर्तुगीज अमदानीत ते प्रथम उभे राहिले आणि १८४८ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली, एवढी माहिती सहज मिळते. कुर्ला गावाचा इतिहासही असाच तारखांच्या खुंट्यांवर टांगलेला आहे. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगिजांना दिली, त्यात कुर्लेही गेले. १७३९ मध्ये साष्टी मराठ्यांनी जिंकली. १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांकडे आली. १८०८ मध्ये कंपनी सरकारने मुंबईतील एका जागेच्या मोबदल्यात कुर्ले आणि आसपासची काही गावे होरमसजी बमनजी वाडिया यांना देऊन टाकली. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे आगगाडी या परिसरातून धावली, १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी इथली धरमसी गिरणी विकत घेऊन तिचे 'स्वदेशी' असे नामकरण केले, १९२५ मध्ये पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत आली आणि १९५० मध्ये कुर्ले बृहन्मुंबईत सामील झाले.

या यादीत सत्ता आहे, जमीन आहे, लोखंड आणि कापूस आहे. त्या चार-साडेचार शतकांत याच गावात कोणी शेजाऱ्याच्या आजारी मुलापाशी रात्र जागून काढली असेल, वाटसरूला पाणी दिले असेल, ज्याला स्वतःचे कोणी नाही अशा माणसाची मूठमाती केली असेल. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. इतिहासकाराला याचे वाईट वाटत नाही, कारण त्याच्या लेखी या घटनाच नव्हेत. परंतु ज्या श्रद्धेच्या नावाने ते चर्च उभे आहे, त्या श्रद्धेच्या मूळ ग्रंथाने नेमक्या अशाच गोष्टींना फार मोठे मोल दिले आहे. सम्राटांच्या आज्ञापत्रांपेक्षा पेलाभर पाणी तिथे अधिक काळजीने नोंदवले जाते. या विसंगतीतून जो प्रश्न उभा राहतो तो असा : लहान दयाकृत्यांचा इतिहास लिहिता येतो काय? आणि येत असल्यास, मराठी मुलखात तो आपल्याला काय सांगतो?

प्रथम ग्रंथाकडे वळू. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाच्या अखेरीस येशू आपल्या शिष्यांना गावोगावी पाठवताना सांगतो की, या लहानांपैकी एकाला कोणी नुसते गार पाणी पाजले तरी त्याचे प्रतिफळ वाया जाणार नाही. मार्ककृत शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकणारी विधवा आहे. श्रीमंतांच्या थैल्यांपेक्षा तिचे दान मोठे, असा निवाडा येशू देतो, कारण इतरांनी उरलेल्यातून दिले आणि तिने होते तेवढे दिले. लूककृत शुभवर्तमानात दरोडेखोरांनी लुटून जखमी केलेल्या प्रवाशाची गोष्ट आहे. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. ज्याचा यहुदी लोक तिरस्कार करीत तो शोमरोनी मात्र थांबतो. त्याने जे केले त्याचा तपशील लूक जवळजवळ हिशेबनिसाच्या बारकाईने देतो : जखमांना तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःच्या जनावरावर बसवणे, उतारशाळा, दोन नाणी, आणि वर खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे आश्वासन.

या सगळ्या कथांत एक समान सूत्र आढळते. कृती मोजली जाते ती तिच्या आकाराने नव्हे, तर देणाऱ्याने त्यासाठी काय ओलांडले यावरून. विधवेने आपली उद्याची भाकर ओलांडली. शोमरोन्याने दोन समाजांतील वैर ओलांडले. मत्तयाच्याच सहाव्या अध्यायात दान गाजावाजा न करता, कोणाला कळू न देता करावे असाही उपदेश आहे. तेव्हा दयाकृत्याच्या दोन कसोट्या ग्रंथातच सांगितल्या गेल्या : ते काहीतरी ओलांडून केलेले असावे आणि त्यामागे परतफेडीचा, निदान या जगातील परतफेडीचा, हिशेब नसावा. पुढील इतिहास या दोन कसोट्यांवर घासून पाहायचा आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे आले ते दयेची एक संस्था बरोबर घेऊन. लिस्बनमध्ये १४९८ साली स्थापन झालेल्या 'मिझेरिकॉर्दिया' या बंधुमंडळाची शाखा गोव्यात आली, तशी वसईतही आली. मध्ययुगीन चर्चने दयेच्या चौदा कृती ठरवून दिल्या होत्या, सात देहाच्या आणि सात आत्म्याच्या. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, वाटसरूला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची सोडवणूक आणि मृताचे दफन या देहाच्या सात कृती. मिझेरिकॉर्दियाने त्यांनाच आपला कार्यक्रम केले. इस्पितळे चालली, कैद्यांना जेवण गेले, अनाथ मुलींच्या लग्नाची सोय झाली. लहान कृतीला संस्थेचे बळ मिळाले की तिचा पल्ला वाढतो, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु त्याच काळात, १५५९ मध्ये, पोर्तुगीज राजसत्तेने असा हुकूम काढला की, आईबाप आणि आजा-आजी नसलेली हिंदू मुले ताब्यात घेऊन ख्रिस्ती धर्मात वाढवावीत. कागदावर हीसुद्धा अनाथांची काळजीच होती. प्रत्यक्षात गोव्यातील कित्येक कुटुंबांना तिच्या भयाने मुले घेऊन सरहद्दीपलीकडे जावे लागले. अनाथाला आसरा देणे आणि अनाथाला हिरावून नेणे या दोन क्रिया एकाच राज्यात, एकाच धर्माच्या नावाने, शेजारी शेजारी चालल्या. हा विरोध ख्रिस्ती दयेच्या इतिहासात टाळून पुढे जाता येत नाही. तो टाळला की उरते ते केवळ स्तोत्र.

या पार्श्वभूमीवर मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला परिचित असलेला एक मनुष्य समोर येतो. 'ख्रिस्तपुराणा'चा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला आणि गोव्यातील सासष्टी प्रांतात त्याने जन्म वेचला. (ही सासष्टी आणि कुर्ले ज्यात मोडते ती मुंबईची साष्टी वेगळ्या, दोन्हीकडे राज्य मात्र एकाच सत्तेचे.) १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले त्याचे ओवीबद्ध पुराण आपण अभ्यासतो; परंतु त्याच्या आयुष्यातील एक लहान प्रसंग आपल्या वाङ्मयेतिहासांत क्वचितच येतो. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती हे इंग्रज होर्मुझला पकडले जाऊन कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. पोर्तुगीजांना ते हेर वाटत होते. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत एक फ्लेमिश पाद्री होता आणि दुसरा स्टीफन्स. जामीन मिळाला आणि ते तुरुंगाबाहेर आले.

हा प्रसंग केवढ्या गोष्टी ओलांडून घडला ते पाहिले पाहिजे. स्टीफन्स कॅथलिक, जेझुइट आणि स्वदेशातून निघून आलेला. इंग्लंडमध्ये त्याच्या पंथाचे पाद्री त्या वेळी राजद्रोही मानले जात. एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला दोनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १५८१ मध्ये, लंडनात देहान्त शिक्षा झाली होती. स्टीफन्सचा जिवाभावाचा मित्र टॉमस पाउंड धर्मासाठी इंग्लंडच्या तुरुंगात होता. आणि गोव्यातले कैदी त्याच इंग्लंडचे, त्याच राणीचे प्रजाजन. त्यांच्यासाठी शब्द टाकताना स्टीफन्सने बंदिवानाच्या सोडवणुकीचे जुने कलम आचरले, असे म्हणता येईल.

म्हणता येईल, परंतु निःशंकपणे नव्हे. त्या वेळी गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरी असलेला डच प्रवासी लिन्शोतेन याने हीच हकीकत नोंदवली आहे, आणि या इंग्रजांना आपल्या संघात ओढण्याचा जेझुइटांचा मानस होता असे त्याच्या लिहिण्यातून दिसते. चौघांपैकी चित्रकार असलेला जेम्स स्टोरी खरोखरच काही काळ जेझुइटांकडे राहिला. बाकीचे १५८४ च्या वसंतात जामीन मोडून निसटले. फिच आग्रा, बंगाल, पेगू असा फिरून १५९१ मध्ये घरी पोहोचला. स्टीफन्सच्या मनात करुणा किती आणि हेतू किती होता हे आज कोणाला तोलता यायचे नाही. एवढे मात्र खरे की फिचच्या बाजूने ही मदत मदत म्हणूनच नोंदली गेली. दयाकृत्याचे दोन साक्षीदार असतात, करणारा आणि ज्याच्यासाठी ते केले तो. इतिहासाने बहुधा पहिल्याचीच साक्ष काढली आहे.

आता पुन्हा साष्टीकडे येऊ. १७३९ मध्ये पोर्तुगीजांचा पाडाव झाल्यावर युरोपीय धर्मगुरू बव्हंशी निघून गेले. जी राज्यसत्ता या धर्माच्या पाठीशी दोन शतके उभी होती ती गेली, तेव्हा कुर्ल्यासारख्या गावांतील कोळी, कुणबी, भंडारी ख्रिस्ती लोकांचे काय झाले? पुष्कळसे ख्रिस्तीच राहिले. उपासना एतद्देशीय पाद्र्यांनी चालवली. फ्रेंच पंडित आंकेतिल द्यु पेराँ १७६० मध्ये साष्टीतून गेला, तेव्हा ठाण्याच्या चर्चमधील एक मोठा उत्सव त्याने पाहिला. हजारो ख्रिस्ती उघडपणे जमलेले होते आणि एतद्देशीय पाद्री थाटाने उपासना चालवीत होता. मराठी अंमलाखालील हे दृश्य आहे. ज्यांच्या पूर्वजांनी १५५९ चा हुकूम पाहिला होता त्यांनी जिंकल्यावर साष्टीतल्या या सामान्य लोकांना त्यांच्या प्रार्थनेसह नांदू दिले. ही शासकांची राजकीय सोय होती असे म्हणता येईल. तरी गावपातळीवर नांदू देणे हे रोजचे काम असते, आणि ते शेजाऱ्यांनी केले.

पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने स्वतःसाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. नाव इंग्रजी, भाषा मराठीची बोली. त्यांच्या गावठाणांत आजही वाटेच्या वळणावर, विहिरीपाशी किंवा दोन घरांच्या बेचक्यात दगडी क्रूस उभे दिसतात. त्यांतील कित्येक प्लेगच्या काळातले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी मुंबईतील प्लेगचे निदान केले आणि पुढची काही वर्षे शहर आणि उपनगरे या रोगाने ग्रासली. चर्चमध्ये गर्दी करणे धोक्याचे झाले तेव्हा लोक आपल्या आळीतल्या क्रुसाशी प्रार्थनेला जमू लागले. साथ ओसरली, क्रूस राहिले. वार्षिक प्रार्थनेनंतर तिथे उकडलेले चणे वाटण्याची चाल आहे. त्या मूठभर चण्यांसाठी उभ्या राहिलेल्या माणसाला, तो कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, असे सहसा कोणी विचारीत नाही.

त्याच साथीत पुण्याजवळ मुंढव्याहून प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले दवाखान्याकडे निघाल्या आणि स्वतः त्या रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. हा उल्लेख इथे मुद्दाम केला आहे, कारण शोमरोन्याच्या दृष्टान्ताचा रोखच असा आहे की दया ही स्वधर्मीयांची मिरास नव्हे. दृष्टान्त सांगणाऱ्याने आदर्श म्हणून परका निवडला होता. ख्रिस्ती दयेचा इतिहास लिहिताना सावित्रीबाईंना वगळणे हे त्या दृष्टान्ताशीच विसंगत ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या त्याच अखेरीस महाराष्ट्रात दयेच्या हेतूविषयीचा वाद सर्वांत तीव्र झाला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ 'शारदा सदन' उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. सदनातील काही विद्यार्थिनींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे झाला तेव्हा १८९३ मध्ये मोठे काहूर माजले. सल्लागार मंडळातील सुधारक मंडळीही बाजूला झाली. त्यानंतरच्या दुष्काळांत त्याच रमाबाई मध्य प्रांतात आणि गुजरातेत जाऊन उपाशी मुली आणि विधवा केडगावला घेऊन आल्या आणि 'मुक्ती' उभे राहिले. टीकाकार म्हणत की, अन्नामागे बाप्तिस्मा दडला आहे. समर्थक म्हणत की, टीका करणाऱ्यांपैकी कितीजण त्या मुलींना आणायला गेले? दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि एकाने दुसरा मिटत नाही. मोठ्या प्रमाणावरची दया आणि सत्ता यांची संगत कायम संशयास्पद राहते. उपाशी माणूस 'नाही' म्हणण्याच्या स्थितीत नसतो, ही अडचण कोणत्याही संस्थेला पूर्णपणे सोडवता आलेली नाही.

अशा वेळी एका आगगाडीच्या डब्यातील प्रसंग अधिक बोलका वाटतो. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरकडून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे गोऱ्याने एतद्देशीयाला हटकावे अशी अपेक्षा. याने सौजन्याने जागा करून दिली, संस्कृत काव्यावर गप्पा केल्या, आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण होता हे टिळकांना कधीच कळले नाही.

या गोष्टीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळा करून पाहावा. पुस्तक आणि भाकीत यांत हेतू उघड आहे. जागा करून देण्यात मात्र कोणता हेतू असावा? पलीकडे बसलेला मनुष्य पुढे मराठीतला एक मोठा ख्रिस्ती कवी होणार आहे हे त्याला कसे ठाऊक असणार? साम्राज्याच्या गाडीत बाक सामायिक करणे एवढीच ती कृती होती. परंतु नेमक्या त्याच जागी, त्या बाकावर, दोघांमधील उतरंड काही तास मोडली गेली. टिळकांच्या धर्मांतराला पुढे वाचन, चिंतन आणि मनस्ताप यांची मोठी कारणे झाली, हे खरेच. तरी पुस्तक उघडले जाण्यापूर्वी माणूस उघडला जावा लागतो, आणि ते काम त्या सौजन्याने केले.

टिळकांच्या धर्मांतराने ज्यांचा संसार मोडला त्या लक्ष्मीबाईंकडे आता वळू, कारण या लेखाचा मुख्य पुरावा त्यांच्याकडे आहे. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याने वेडाची सीमा गाठली होती. बाहेरून घरात येणारा जिन्नस धुतल्याशिवाय स्वीकारला जात नसे, आणि त्या काचाचे वर्णन त्यांनी हसतखेळत केले आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक आणि आपले पाणी निराळे ठेवले. मग कधीतरी त्यांच्या मनात असा विचार घोळू लागला की, जाती जर देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांत काही खूण ठेवली असती. ज्या अर्थी ती नाही त्या अर्थी जाती माणसाच्या. त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. आणि ही कृती देण्याची नाही, घेण्याची आहे. आपण दयेविषयी बोलतो तेव्हा देणाऱ्या हाताचेच चित्र डोळ्यांपुढे असते. परंतु या देशात देणे ही उच्चवर्णीयाला अवघड गोष्ट कधीच नव्हती. अन्नछत्रे होती, पाणपोया होत्या, वरून ओंजळीत पाणी ओतणाऱ्यांची वाण नव्हती. पाणी वरून खाली जाण्यास कोणत्याही शास्त्राची हरकत नव्हती. ते खालून वर येण्यास होती. दान उतरंडीला धक्का लावीत नाही, उलट ती पक्की करते. महाराच्या हातून घेतलेला पेला मात्र उतरंडीचा तळच काढून घेतो.

आणि इथे योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आठवतो. थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला आहे आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे तो प्यायला मागतो. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. पुढील संवादात तो तिला जीवनाच्या पाण्याविषयी सांगतो आणि प्रवचनकार बहुधा तिथेच रमतात. परंतु महाराष्ट्रातल्या वाचकाला या कथेची पहिली ओळच पुरेशी असावी. मत्तयात पाणी देणाऱ्याची थोरवी सांगितली आहे, योहानात मागणाऱ्याची. ज्या भूमीत जोतीराव फुल्यांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणे हे बंड ठरले आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यातले ओंजळभर पाणी हा सत्याग्रह ठरला, त्या भूमीत योहानाची कथा मत्तयाच्या वचनापेक्षा अधिक कठीण आहे, म्हणून अधिक मोलाची.

ख्रिस्ती समाजाने ही कसोटी नेहमी पार केली असे मात्र नाही. गोव्यातील चर्चची बंधुमंडळे दीर्घकाळ जातवार विभागलेली राहिली. मराठी ख्रिस्ती समाजातही पूर्वाश्रमीच्या जातीचा विसर लग्न जुळवताना क्वचितच पडला. एका वेदीवरचा एकच पेला ओठांना लावणारे लोक घरी परतल्यावर निरनिराळ्या पेल्यांतून पीत राहिले. लक्ष्मीबाईंचा निश्चय म्हणूनच केवळ हिंदू सोवळ्यापासूनची सुटका नाही, ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनाही तो प्रश्न विचारतो. त्यांनी पुढे 'नकोशी' या मुलीला घरात घेतले, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. पण हे सारे शक्य झाले ते त्या आधीच्या पाण्यामुळे. ज्याच्या हातचे आपण पीत नाही त्याला आपण फार तर वाढू शकतो, त्याच्या पंगतीला बसू शकत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी यातून एक पद्धतीचा प्रश्नही निघतो. दप्तरखान्यात दयेची नोंद रकमेच्या, इमारतीच्या किंवा बाप्तिस्म्यांच्या आकड्यांच्या रूपाने राहते. मोजता येत नाही ते तिथून गळते. फिचचे प्रवासवृत्त, टिळकांची आठवण, 'स्मृतिचित्रे' यांसारख्या लेखनात ते टिकते, कारण तिथे साक्ष देणारा बहुधा मदत घेणारा असतो. आत्मचरित्रे आपण शैलीसाठी, स्त्रीजीवनाच्या चित्रणासाठी, धर्मांतराच्या समाजशास्त्रासाठी वाचतो. कोणी कोणाच्या हातचे पाणी प्याले आणि तेव्हा काय ओलांडले गेले, याच्या नोंदींसाठीही ती वाचली पाहिजेत. लहान दयाकृत्यांचा इतिहास लिहिता येतो. त्याची साधने इतिहासाच्या नव्हे तर वाङ्मयाच्या कपाटात आहेत, एवढेच.

अखेरीस कुर्ल्याकडे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी फुगली आणि तिच्या काठचे कुर्ले पाण्याखाली गेले. आकडे, अहवाल, नदीपात्रातील अतिक्रमणांवरील वाद हे सारे पुढे झाले आणि ते आवश्यकही होते. त्या रात्री मात्र हजारो माणसे रस्त्यावर, बसगाड्यांत आणि फलाटांवर अडकलेली होती आणि शहरभर अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतले, कोरडे कपडे दिले, चहा आणि बिस्किटे पुढे केली. कुर्ल्यासारख्या वस्तीत मुसलमान, ख्रिस्ती, दलित, गुजराती, मराठी, उत्तर भारतीय एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि त्यांच्यात दंगलींची आठवणही फार जुनी नव्हती. देणाऱ्यांचे कौतुक तेव्हा पुष्कळ झाले, ते योग्यच. परंतु त्या रात्री कित्येकांनी, एरवी ज्या घरचे पाणी आपण घेऊ असे त्यांना वाटले नसते, अशा घरचा चहा घेतला. त्या घेण्याची कोणी दखल घेतल्याचे आढळत नाही.

पाणी ओसरल्यावर त्यांतले किती जण त्या दारांवरून पुन्हा गेले आणि आत डोकावले, हे सांगता येणार नाही. संकटातली दया संकटाबरोबर संपते, असा अनुभव आहेच. म्हणूनच श्रद्धेने तिला प्रसंगावर न सोडता नित्याचे कलम केले : तहानेल्याला पाणी. मराठी मुलखातील इतिहास पाहिल्यावर या कलमाला योहानाच्या विहिरीवरून आणखी अर्धे कलम जोडावेसे वाटते : आणि आपल्याला तहान लागली असता, जो कोणी जवळ असेल त्याच्याकडे मागणे.